साडभाऊंचं एक क्रियापद

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली सगळी भीती एके ठिकाणी गोळा केली, तर तिच्यातली निम्मी एकट्या माझ्या मोठ्या साडूंच्या, इकडच्या बोलीत साडभाऊंच्या, घरात सापडेल आणि उरलेली निम्मी बाकीच्या जनतेला पुरवून पुरवून वापरावी लागेल. त्यांच्या घरी कुकर गॅसवर चढला की ते अंगणात जातात आणि तिसरी शिट्टी होऊन वाफ जिरेपर्यंत आत येत नाहीत. छताच्या पंख्याखाली ते कधी झोपणार नाहीत. खाट एवढी बाजूला ओढतात की वारा लागत नाही, आणि मग सकाळी उकाड्याची तक्रार करतात. माझा मुलगा झाला तेव्हा ते चंद्रपूरच्या दवाखान्यात बघायला आले. खोली चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टचं भेव म्हणून जिन्याने निघाले, जिन्यात उंचीचं भेव म्हणून भिंतीला चिकटून चढले, आणि तीन मजले चढल्यावर आपल्यामुळे बाळाला बाहेरचं काही लागेल असं भेव वाटलं म्हणून उलट्या पावली खाली उतरले. खालून मला फोन केला, "सर, बाळ गोड आहे म्हंते नर्सबाई. मी पाह्यलं असंच समजा." बाकी हा एक फोन त्यांनी स्वतःहून केला हेच नवल. अनोळखी नंबर ते उचलत नाहीत, कारण कोण असेल सांगता येत नाही. ओळखीचा नंबर तर मुळीच उचलत नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ओळखीचा मानूस उगाच काऊन फोन करन? वाईट बातमी नेहमी ओळखीचाच देते."

तरुणपणी ते घुग्घुसला एका कारखान्यात कामाला लागले होते. तिसऱ्या दिवशी घरी परत. रस्त्याने ट्रक फार आणि पहिल्या ट्रकच्या धुळीत मागचा ट्रक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, कपाळाला हात लावला. या मोठ्या बाई म्हणजे नवऱ्याच्या बरोबर उलट. घरात साप निघाला तर त्या हातातलं काम संपवून मग काठी शोधतात. मी भद्रावतीच्या कॉलनीत वाढलो, जंगल म्हणजे माझ्यासाठी कुंपणापलीकडचा हिरवा रंग होता. इंग्रजीचा मास्तर म्हणून या जंगलकाठच्या गावात बदली झाली, इथेच लग्न झालं आणि बायकोबरोबर हे साडू मिळाले. त्यांच्या भित्रेपणाच्या गोष्टी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे आणि माझं फार कौतुक होत असे. एक मात्र तेव्हाही जाणवायचं. हा माणूस स्वतःपुरताच भीत नाही, दुसऱ्यासाठीही भितो. पाहुण्याला बसमध्ये बसवून दिल्यावर तो पोचल्याचं कळेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पोचल्याचा फोन मात्र बाईंनी घ्यायचा.

असा माणूस पोटासाठी काय करत असावा? तर जंगल खात्यात रोजंदारीवर पायी फिरत होता. धानाची थोडी शेती, पण ती चार महिन्यांची. उन्हाळ्यात गावाजवळ दुसरं काम नाही. जंगलात वणवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून झाडांमधून लांबच लांब पट्टा मोकळा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. त्या पट्ट्यावर रोज पाला पडतो आणि तो रोज हटवावा लागतो. आता त्यासाठी पाठीवर अडकवायचं हवेचं मशीन आलं आहे. त्याचा आवाज असा, की ज्याच्या पाठीवर ते असतं त्याला शेजारी कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून हे काम जोडीने करायचं. एकाने पाला उडवायचा आणि दुसऱ्याने त्याच्या मागे राहून चारही बाजूंना नजर ठेवायची. साडू सात उन्हाळे नजर ठेवण्याच्या कामावर होते. जगात याहून योग्य माणूस या कामाला मिळाला नसता, असं मी विनोदाने म्हणायचो.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतो आहे, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांचा जोडीदार वाघाने मारला. गावातलाच, त्यांच्याच वयाचा माणूस. मशीन बंद करून दोघं टेकले होते, साडू नाल्यावर पाणी भरायला गेले आणि परत आले तेव्हा सगळं संपलं होतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्या गोष्टी स्टाफरूममध्ये सांगायचं बंद केलं. साडूंचं काम मात्र बंद झालं नाही, पुढच्या उन्हाळ्यात ते नवा जोडीदार घेऊन पुन्हा त्याच रेषेवर जाऊ लागले. सकाळी निघताना त्यांच्या शर्टाची बटणंही मलाच लावावी लागतात, असं मोठ्या बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं. ही बाई एरवी कशाने हलत नाही, पण हे सांगताना तिचाही आवाज हलला.

त्याच सुमाराला बातमी आली की सफारीच्या गेटवर नवे गाइड घेणार आहेत. साडू उड्या मारायचेच बाकी राहिले. त्यांचा हिशोब सरळ होता. जंगलात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे पर्यटकांची गाडी. चाकं आहेत, ड्रायव्हर आहे, सहा माणसं आहेत. "अन् सहा जणांत माह्याच नंबर लागन, असं थोडंच आहे?" अडचण एकच होती. तोंडी परीक्षा द्यायची आणि त्यात थोडं इंग्रजी बोलायचं. खात्याने तयारीसाठी इंग्रजीत छापलेला एक कागद दिला होता, पायी असताना वाघ समोर आला तर काय करावं याचा. पळू नका, वाकू नका, पाठ दाखवू नका, एवढं त्यांनी कुणाकुणाला विचारून समजून घेतलं होतं. शेवटची ओळ उरली. ती घेऊन ते एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर आले. येताना नेहमीप्रमाणे गावातल्या रस्त्याने न येता मागच्या धुऱ्या-बांधांवरून लांबचा फेरा घालून आले. मोठ्या गल्लीतल्या कुत्र्याला भितात, असं आम्ही धरून चाललो होतो.

"सर, हे बॅक अवे काय असते?"

मी मास्तरी तोऱ्यात म्हणालो, "सोपं आहे. माघार घेणे."

त्यांनी विचार केला. "नाई जी. माघार तं निवडणुकीत घेतात. अर्ज वापस घेतला का झालं. त्याच्यात कोन कोनाकडे पाहते?"

"बरं, मग काढता पाय घेणे म्हणा."

"ते तं पंगत उठल्यावर भांडे घासाची येळ आली का घेतात. त्याच्यात पाठ दिसते."

मी जरा चिडलो. बी.ए.ला माझा इंग्रजीचा पेपर चांगला गेला होता. "मागे सरकणे! आता तरी पटलं?"

"बसमंधी कंडक्टर म्हंते, मांगं सरका. तवा आपन मान वळवून पाहतो न, जागा आहे का नाई. इथी मान वळवली तं मेलो."

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की हे क्रियापद मी वीस वर्षं शिकवत आलो आणि कधी नीट पाहिलंच नव्हतं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे तोंड ठेवायचं, नजर त्याच्यावर ठेवायची आणि एकेक पाऊल मागे टाकत अंतर वाढवत जायचं. यातली एक गोष्ट वगळली तरी ते क्रियापद राहत नाही. मराठीत याला चार-पाच शब्द लागतात आणि साडूंना परीक्षेत तेवढा वेळ मिळाला नसता. मग आम्ही मराठीचा नाद सोडला. अर्थ कळला, आता वापर. मी वाक्य दिलं की ती मुलगी कुत्र्यापासून बॅक अवे झाली. साडू म्हणाले, "मुलीचं जाऊ द्या, माह्यं सांगा." त्यांना प्रत्येक वाक्यात स्वतः हवे होते. आपण जे करून पाहिलं नाही ते आपल्याला येतं असं मानायचं नाही, हा त्यांचा नियम.

मग पुढचा महिनाभर ते क्रियापद आमच्या गावात हिंडत होतं. माझ्या ओट्यापासून समोरच्या हातपंपापर्यंत ते रोज उलटे चालत, नजर माझ्यावर रोखून, हात शरीरापासून थोडे लांब. पहिल्या दिवशी पंपावर पाणी भरणाऱ्या बाईच्या बादलीत बसले. दुसऱ्या दिवशी शेळीवर. तिसऱ्या दिवसापासून मागे काय आहे ते पायाच्या टाचेने चाचपायला शिकले, आणि मग मात्र वाटेतल्या खड्ड्याला वळसासुद्धा न बघता घालू लागले. माझ्या घरी जेवायला बसले असता बायको वांग्याची भाजी पुन्हा वाढायला आली, तर ताट हातात धरून तिच्याकडे बघत बघत दारापर्यंत मागे गेले आणि म्हणाले, "आय बॅक अवे फ्रॉम वांगा." मी म्हणालो की भाजीच्या बाबतीत असं म्हणत नाहीत. "काऊन? भेव तं वाटते न," त्यांचं उत्तर. वापराच्या दृष्टीने मला यात चूक काढता आली नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना हा नवस वाटला. दोघीतिघींनी मोठ्या बाईंना गाठून विचारलं, कोणत्या देवाचं आहे जी हे? मोठ्या बाई म्हणाल्या, "इंग्रजीचं आहे. कोपते लवकर, पावत नाई."

एके दिवशी शिकवणी संपली तरी ते उठेनात. ऊन कलायचं होतं. माझी बायको घरात होती. त्यांनी तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"सर, पळू नका म्हून या कागदावर पह्यल्यापासून लिवलं असन का?"

"असेल. का?"

"म्हंजे तवाही असन." मग ते पंपाकडे बघत म्हणाले, "मी नाल्यावर नव्हतो, सर. पानी भरून वापस आलो होतो. हा तुमचा ओटा अन् तो पंप, एवढंच अंतर. मशीन बंद होती. तो बसून तंबाखू मळून राह्यला होता. त्याच्या मांगं मले वाघ दिसला. अन् मी ओरडलो, पळ. एकच शब्द. तो उठला अन् पळाला. अन् मी तिथीच उभा. पान्यानं भरलेली डबकी हातात. एक पाऊल नाई टाकलं मी, पुढे नाई, मांगं नाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी पळ नसतं म्हटलं तं? हा शब्द मले तवा माहीत असता, तसं कर म्हून सांगतलं असतं, तं तो वाचला असता का?"

मी मास्तर आहे, प्रश्नाला उत्तर द्यायची सवय आहे. तरी त्या दिवशी "माहीत नाही, भाऊ," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं. मग ते म्हणाले की जोडीदाराच्या बायकोलाही त्यांनी नाल्याचंच सांगितलं होतं. तिचं घर मोठ्या गल्लीत आहे. त्या गल्लीतून ते वर्षभर गेले नव्हते. कुत्र्याचा त्यात काही संबंध नव्हता. "मले साऱ्या दुनियेचं भेव लागते, तुम्ही हासता ते ठीकच आहे. पन तिच्या दाराचं लागते तसं कायचंच नाई लागत. तिले सांगाव लागन, सर. अन् सांगितलं तं ती म्हनन, तुम्हीच मारला त्याले." मला त्यांच्या गोष्टी रंगवून सांगितल्याची त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो आणि आतच थोडा वेळ उभा राहिलो.

यानंतरच्या रविवारी त्यांचा नवा जोडीदार लग्नाला गेला होता. गावाजवळचा रेषेचा तुकडा फक्त बघून यायचा होता. एकट्याने जायचं नाही, म्हणून मी निघालो. नियमात बसतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. डांबरी रस्ता सोडून आम्ही आत शिरलो आणि साडू बदलले. गावात आवाज करून भिणारा हा माणूस इथे मुकाट भीत होता. पावलागणिक थांबायचे, ऐकायचे. जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं तो म्हणायचं, हे त्यांनी मला रस्त्यावरच बजावलं होतं. पाला साफ झालेला, दोन्ही बाजूंना मोहाची आणि सागाची झाडं, मोह टपटप पडत होता. मला वाटलं, एवढं सुंदर आहे, यात भिण्यासारखं काय आहे. तेवढ्यात उजवीकडे माकडं खोकल्यासारखी ओरडली आणि सगळं गप्प झालं. मोहसुद्धा पडायचा थांबला असं मला वाटलं, पण ते माझ्या कानांचं काम असणार.

तो रेषेवर उभा होता. आमच्यापासून साधारण शाळेच्या व्हरांड्याच्या लांबीवर. मी याआधी गाडीतून वाघ पाहिला आहे, फोटोही काढले आहेत. हा तो प्राणी नव्हे. याने माझ्याकडे पाहिलं. आता जे सांगतो ते मला कबूल करायला जड जातं. महिनाभर मी जे क्रियापद शिकवत होतो, ते मला आठवलंच नाही. माझा उजवा पाय वळला. मी वळवला नाही, तो वळला. कुणी काही म्हणालं नव्हतं. खांदा त्याच्यामागे वळणार इतक्यात साडूंनी माझा शर्ट मुठीत धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "सर. पाठ नाई." मग मला खेचत, टाचेने जमीन चाचपत, ते मागे निघाले. त्यांची नजर समोर होती, माझी त्यांच्या कानावर होती. कानामागून घामाचा ओघळ उतरत होता आणि ते पुटपुटत पावलं मोजत होते. एकवीस झाल्यावर चुकले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. वाघ थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने तोंड फिरवलं आणि रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूच्या झाडीत गेला. आम्ही थांबलो नाही. तो दिसेनासा झाल्यावरही आम्ही तसेच मागे मागे गेलो, वळणं घेतली, नाला ओलांडला, आणि तसेच पाठमोरे डांबरी रस्त्यावर आलो. तिथे चंद्रपूरच्या बसने कर्कश हॉर्न वाजवून आम्हाला वाचवलं. ड्रायव्हरने मान बाहेर काढून आमच्या दोघांच्या घराण्यांचा उद्धार केला. त्याचा आवाज मला इतका गोड वाटला की मी त्याला हात जोडले.

रस्त्याच्या कडेला बसून साडू ओकले. मग मीही. थोडं बरं वाटल्यावर मी त्यांना सांगितलं, "भाऊ, माझा पाय वळला होता. तुम्ही काही म्हणायच्या आधीच. तुम्ही शर्ट धरला नसता तर मी पळालो असतो, कुणी पळ म्हणो न म्हणो."

"खरं सांगता? का मले बरं वाटावं म्हून?"

"देवाशपथ खरं."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाले, "हे तुम्ही मले सांगून काय फायदा, सर? त्याच्या घरी सांगाव लागन."

परीक्षा त्याच आठवड्यात झाली. मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. गेटजवळ झाडाखाली टेबल मांडून एक साहेब बसले होते, लांबून आलेले, हसतमुख. त्यांनी साडूंना इंग्रजीत विचारलं की या जंगलात कोणकोणते प्राणी आहेत. साडूंनी चितळ, सांबर, रानगवा, अस्वल, रानकुत्रा अशी सगळी इंग्रजी नावं धडाधड सांगितली आणि थांबले.

"अँड?" साहेब म्हणाले.

"अँड ही, सर."

"ही? हू इज ही?"

"ही, सर. बिग. एव्हरीबडी कम टू सी हिम."

साहेबांना कळलं. ते मराठीत म्हणाले, "अहो, तुमच्याकडे जंगलात नाव घेत नाहीत हे मला माहीत आहे. पण इंग्रजीत घ्यायला काय हरकत आहे?" साडूंनी हात जोडले. "सर, गाड्याईतले लोक दिवसभर हेच नाव ओरडते त्याच्या तोंडासमोर. मराठी नाव एखाद्या वेळी इसरला असन तो, पन इंग्रजी त्याले पक्कं पाठ आहे." टेबलामागचा कारकून हसायला लागला, साहेबही हसले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तुम्ही पायी आहात आणि तो तुमचा ‘ही’ समोर आला, तर काय कराल? साडूंनी हातातली फाइल खाली ठेवली. वाकले नाहीत, गुडघे मोडून ठेवली. उभे राहिले, साहेबांच्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाले, "आय बॅक अवे." आणि निघाले. मला तो चेहरा माहीत होता, मी तो त्या रविवारी बाजूने पाहिला होता. साहेबांचं हसू हळूहळू ओसरलं. साडू एकेक पाऊल मागे जात गेटच्या अडसरापर्यंत पोचले, तेव्हा साहेब एकदम म्हणाले, "पुरे, पुरे. या परत." ते पास झाले. साहेब मला बाजूला म्हणाले की त्या माणसाने बघितलं तेव्हा क्षणभर आपल्यालाच आपली भीती वाटली.

परतताना मला वाटलं, आता मोठ्या बाईंकडे पेढे. गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो, उजवीकडे बांधाची वाट आणि डावीकडे मोठी गल्ली. मी त्यांच्या सवयीने उजवीकडे वळू लागलो तर ते म्हणाले, "सर, डावीकडे घ्या." मी गाडी थांबवून त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "थांबू नका जी. थांबलो तं मी उतरून पळून जाईन."

जोडीदाराची बायको अंगणात वाळत घातलेला मोह निवडत होती. आम्हाला बघून उठली, दोघांना पाणी दिलं. साडूंनी पाणी घेतलं पण प्यायले नाहीत, पेला हातात धरून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग एका दमात बोलले. नाल्यावर नव्हतो, वहिनी. तिथीच होतो. मीच त्याले पळ म्हटलं. मीही मधे बोलायला तोंड उघडलं, माझा पाय कसा आपोआप वळला ते सांगायला, पण तिने हाताने मला गप्प केलं. ती साडूंकडे बघत होती.

"किती दूर होते तुम्ही?"

त्यांनी पलीकडचा गोठा दाखवला. "हे इथून तिथपर्यंत."

"त्यानं आयकलं?"

"आयकलं. माह्याकडे पाह्यलं त्यानं. मंग उठला."

मी वाट बघत होतो की आता ती ओरडेल, शिव्या देईल, रडेल. साडू तर डोळे मिटूनच उभे होते. ती हळूच मोहाच्या चटईजवळ खाली बसली. "म्हंजे तुम्ही दिसले त्याले," ती म्हणाली. "मले साऱ्यायनं सांगतलं का तिथी कोनीच नव्हतं. वर्षभर मी तेच पाहून राह्यली, भाऊ. जंगलात एकटाच आहे अन् कोनी नाई. आवाज द्यालेबी कोनी नाई." तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "तुम्ही होते तं मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

साडू मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. तीही रडली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता पुन्हा सांगा. पह्यल्यापासून. तो बसला होता, तिथून सांगा. काय बोलून राह्यला होता?" साडूंनी सांगितलं की तो धाकट्या पोरीला सायकल घ्यायचं म्हणत होता, लाल पाहिजे म्हणून रुसली आहे असं सांगून हसत होता. हे तिला माहीत नव्हतं. मी दुसऱ्यांदा ऐकू शकलो नाही. बाहेर गाडीजवळ येऊन उभा राहिलो, आणि आतून त्यांचा आवाज येत राहिला, मधेच तिचा प्रश्न, मग पुन्हा त्यांचा आवाज.

आता ते गाइड आहेत. गाडीत बसतात आणि गाडी पंक्चर होईल म्हणून भितात. फोन अजून उचलत नाहीत. पण महिन्यातून एकदा-दोनदा मोठ्या गल्लीत जाऊन त्या अंगणात बसतात आणि तिला हवं असलं की ते सगळं पुन्हा सांगतात, पहिल्यापासून. तिथून आले की दोन दिवस त्यांना जेवण जात नाही, असं मोठ्या बाई म्हणतात. मी एकदा विचारलं, "भाऊ, अजून भेव वाटतं तिथे जायचं?"

"वाटते न," ते म्हणाले. "पन ती वाट पाहून राह्यते, सर."